घाटात गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: कच्च्या वाटांसाठी बदललेल्या जुन्या बुलेटचा नेहमीचा बिघाड

साखळीहून केरीपर्यंत गाडी सुरेख चालते. केरी मागे पडतं, चोर्ल्याची वळणं लागतात, गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि सात-आठ किलोमीटर चढल्यावर तिचा दम तुटायला लागतो. दोन-तीनदा ठसकते आणि बंद. किक मारून मारून पोटऱ्या भरून येतात, पण ती दाद देत नाही. अर्धा तास झाडाखाली बसलं की पहिल्या किकला सुरू.

हा बिघाड मी आधी माझ्या १९८४च्या कास्ट आयर्न बुलेट ३५०वर काढला. नंतर डिचोली, फोंडा, म्हापसा भागातल्या ओळखीच्यांच्या गाड्यांवर इतक्या वेळा काढला की आता फोनवर आवाज ऐकूनही दिशा कळते. या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट सारखी होती. डांबरी रस्त्यासाठी बनलेली गाडी लांबच्या कच्च्या प्रवासासाठी बदललेली होती: उंच हँडल, जाड नक्षीचे टायर, उंच शॉकअब्सॉर्बर, क्रॅश गार्डला पेट्रोलचे डबे, मागे पेट्या, पुढे जादा दिवे. आणि बहुतेकांनी माझ्याकडे येण्याआधी इंजिन उघडून रिंगा बदलून घेतल्या होत्या. पैसे गेले, बिघाड तसाच राहिला.

इंजिन बहुतेक वेळा निर्दोष असतं. बदल करताना आपण काहीतरी झाकलेलं असतं, ओढलेलं असतं किंवा ओझं वाढवलेलं असतं, आणि घाटात ते बाहेर येतं. म्हणून गाडीला काय काय नवीन लावलं याची यादी आधी कागदावर लिहून काढा. पुढच्या तपासणीत ती पदोपदी लागेल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा बिघाड गरम गाडीवरच सापडतो. थंड झालेल्या गाडीत सगळं ठीक दिसतं, म्हणून गॅरेजमध्ये नेली की "काही नाही हो, ठीक आहे गाडी" असं ऐकून परत यावं लागतं. बंद पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं फार मोलाची असतात. तेवढ्यात गाडी वळणापासून दूर, कडेला घ्या आणि तपासणीला लागा.

लक्षणं: बंद कशी पडली?

"बंद पडली" एवढं सांगून भागत नाही. कशी पडली ते आठवा.

पेट्रोल संपत आल्यासारखी आचके देत, अॅक्सिलरेटर दिला की आणखी मरगळत बंद पडली, तर संशय पेट्रोलवर.

चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात गेली, किंवा सायलेन्सरमध्ये फटाफट आवाज करत गेली, तर वीज. खड्ड्यात आदळल्यावर किंवा हँडल पूर्ण वळवल्यावर गेली, तर कुठेतरी वायर ताणलेली किंवा घासलेली आहे.

बंद पडण्याआधी ताकद हळूहळू कमी होत गेली आणि आता किक नेहमीपेक्षा हलकी लागतेय, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतंय.

किक जड लागतेय किंवा खालीच जात नाही, तर पुढचं काही करू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

टाकीचं झाकण

सगळ्यात सोपी तपासणी, फुकटची, दोन सेकंदांची. टाकीचं झाकण उघडताना कान लावा. हवा आत ओढल्याचा "सूऽऽ" असा आवाज आला आणि त्यानंतर एक-दोन मिनिटांत गाडी सुरू झाली, तर निदान झालं. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढीच हवा वरून टाकीत शिरावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोलची धार बारीक होत जाते. सपाटीवर तेवढी धार पुरते, घाटात पुरत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझा भाचा गाडी घेऊन सुर्ल्याला निघाला होता. मी मागून माझ्या गाडीवर होतो. तिसऱ्या वळणावर त्याची गाडी बंद पडली. "मामा, कार्बोरेटर उघडू?" म्हणून त्याने पाना हातात घेतलासुद्धा. मी म्हटलं, "थांब रे, आधी झाकण उघड." सूऽऽ! टाकीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून त्याने जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून झाकणाच्या आत बसवला होता. कापला होता नीट, पण त्याला भोक पाडायचं राहिलं होतं. सुई तापवून तिथेच भोक पाडलं आणि पुढे गेलो. पाण्याची भीती खरी आहे, तिच्यासाठी टाकीवर कव्हर घाला, पण झाकणाचा श्वास बंद करू नका.

अँपिअरचा काटा आणि जादा दिवे

हेडलाइटच्या डोक्यावरचं अँपिअर मीटर ही जुन्या बुलेटची नाडी आहे. कच्च्या वाटेचा बदल करताना ते काढून तिथे फोनचा स्टँड लावणारे बरेच आहेत. कृपा करून काढू नका.

चालत्या गाडीवर दिवे लावून बघा. घाटात, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, काटा सतत उणे बाजूला राहत असेल तर बॅटरी रिकामी होतेय. ५५ वॅटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टवर ९ अँपिअरपेक्षा जास्त ओढतात, आणि जुना आल्टरनेटर कमी फेऱ्यांवर तेवढं देऊ शकत नाही. पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे कॉइलची वीज जोडून-तोडून प्लगला ठिणगी पाडणारा छोटा स्विच) बुलेटची ठिणगी बॅटरीच्याच जिवावर असते. बॅटरी खाली गेली की ठिणगी दुबळी होते आणि गाडी ठसकायला लागते. चावी बंद करून अर्धा तास थांबलं की बॅटरी थोडी सावरते, गाडी सुरू होते, आणि आपण म्हणतो "गरम झाली होती". जादा दिवे बंद करून तोच चढ पुन्हा चढून बघा. फरक पडला तर हॅलोजन काढून कमी वॅटचे एलईडी लावा.

बंद पडलेल्या गाडीवरही काटा बोलतो. दिवे बंद, चावी चालू. डीकम्प्रेशर (सिलिंडरचा दाब सोडून किक हलकी करणारं हँडलवरचं लिव्हर) दाबून धरा आणि किक हाताने हळूहळू खाली न्या. पॉइंट जुळतात तेव्हा काटा उणेकडे झुकतो, उघडतात तेव्हा मध्यावर येतो. झुकणं-येणं नीट दिसलं तर कॉइलपर्यंत वीज जातेय आणि पॉइंट आपलं काम करतायत. काटा हललाच नाही तर फ्यूज, चावीचं कुलूप, बॅटरीचं टर्मिनल, नाहीतर पॉइंटवर तेल-घाण. काटा उणेवरच अडकला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, तिथली ठिणगी शोषणारा छोटा भाग) आतून शॉर्ट झालाय. एक पानासुद्धा न लावता एवढं कळतं.

गाडीला कोणी मागे ओढतंय का

गाडीवरून उतरल्या उतरल्या मागच्या चाकाच्या ड्रमजवळ हात न्या, पण टेकवू नका. धग लागली तर ब्रेक घासतोय. तांबडी माती ड्रममध्ये आणि ब्रेकच्या रॉडवर साचून वाळली की ब्रेक पूर्ण सुटत नाही. सेंटर स्टँडवर चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरलं पाहिजे.

चेनही तपासा, पण तुम्ही बसलेले आणि सामान लादलेलं असताना. मागचे शॉकअब्सॉर्बर उंच केले की स्टँडवर बरोबर वाटणारी चेन ओझ्याखाली ताणून ताठ होते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीची चेन सामान चढवल्यावर तारेसारखी वाजत होती. अशा चेनला फिरवण्यातच इंजिनाची ताकद जाते, आणि गिअरबॉक्सचं बेअरिंगही खराब होतं.

फिन्समधली माती आणि पुढचे डबे

या गाडीला रेडिएटर नाही. समोरून येणारी हवा फिन्समधून, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून, गेली तरच ती थंड राहते. आपल्याकडची जांभ्याची माती ओली असताना फिन्समध्ये घट्ट बसते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. जुन्या खाणींच्या भागातून एक फेरी मारून या आणि सिलिंडरचा पुढचा भाग बघा. बांबूच्या काडीने, फिन्स न तोडता, कोरून काढा. गरम इंजिनावर पाणी कधीही ओतू नका. ओहोळ ओलांडल्यावर बाटली भरून सिलिंडरवर ओतणारे मी पाहिले आहेत. तापलेल्या बिडाला गार पाण्याचा झटका बसला तर तडा जाऊ शकतो, आणि तो सिलिंडर मग कामातून जातो.

क्रॅश गार्डला लावलेले पेट्रोलचे डबे, बॅग, लेग गार्डचा पत्रा, हे सगळं सिलिंडरच्या समोरून बाजूला करा. ओझं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि होईल तितकं पुढे घ्या. हंपीच्या प्रवासाआधी मी फक्त एवढाच एक बदल केला, आणि अनमोडच्या चढावर जो ठसका यायचा तो बंद झाला.

उंच हँडल आणि आखडलेल्या केबली

यासाठी मी स्वतः तीन रविवार घालवले आणि हेडही उगाच उघडलं, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. हँडल दोन-अडीच इंच उंच केलं की सगळ्या केबली तेवढ्याच आखडतात. क्लच आणि ब्रेकची केबल आखडली की लगेच कळते, त्या आपण बदलतो. डीकम्प्रेशरच्या केबलीकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. ती जराशी ताणलेली राहिली की हेडवरचा तो छोटा व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो. थंड असताना गाडी चालते. गरम झाल्यावर तिथून कॉम्प्रेशन गळतं, किक हलकी लागते आणि आपल्याला वाटतं रिंगा गेल्या.

डीकम्प्रेशरच्या लिव्हरला बोटाने जाणवेल इतकी मोकळीक हवी, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावरही ती राहायला हवी. नसेल तर लांब केबल करून घ्या.

त्याच वेळी इंजिन संथ चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फेऱ्या वाढल्या तर थ्रॉटल केबल ताणतेय. गाडी ठसकली तर हँडलच्या मानेजवळ वायरिंग ताणलेलं किंवा चेसिसला घासून उघडं पडलेलं आहे. त्या जागी इन्सुलेशन टेप फार दिवस टिकत नाही. वायरचा तुकडा जोडून वरून नळी चढवा.

प्लग

इथून पुढे पाने लागतील. आधी पेट्रोल कॉक बंद करा. ठिणगी तपासायची ती पेट्रोलचा पाइप काढण्याआधीच, नंतर कधीही नाही.

प्लग गरम असतो, फडकं घ्या. रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि कोरड्या काजळीने भरलेला असेल तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढराफट असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन खरोखरच तापतंय. ओला आणि काळा असेल तर तेल. प्लग प्लगकॅपमध्ये बसवून, कडा हेडला टेकवून, भोकापासून दूर धरून किक मारा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर आधी नवा प्लग लावून बघा. गॅप साधारण ०.५ मिमी. हा उपाय स्वस्त आहे, आणि नुसत्या प्लगने सुटलेले बिघाड मी पाहिलेत.

पेट्रोलची वाट

प्लग परत बसवा. इंजिनापासून दूर बाटली धरून पाइप कार्बोरेटरकडून काढा आणि कॉक उघडा. धार अखंड आली पाहिजे. आधी जोरात आणि मग थेंब थेंब येत असेल तर झाकण किंवा कॉकची जाळी. समुद्राच्या खाऱ्या हवेत टाक्या आतून गंजतात, आणि कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी तो गंज सुटून जाळीत बसतो.

पाइप सिलिंडर हेडला टेकतोय का बघा. मोठा फिल्टर लावल्यावर बऱ्याचदा पाइपाला वळसा देऊन नेतात आणि तो गरम हेडला चिकटतो. आत पेट्रोलची वाफ होते आणि धार अडते.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाडीला ते तीन प्रकारे भोवतं. जुनं रबर फुगून मऊ पडतं, त्यामुळे पाइप आतून अरुंद होतो. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीच्या तळाशी पाणी साचतं. आणि इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. म्हणून इथेनॉलला चालणारा नवा पाइप घाला, पावसाळ्यात टाकी भरून ठेवा, कार्बोरेटरची वाटी काढून तळाशी पाण्याचे गोळे दिसतात का ते बघा. प्लग सतत पांढरा येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घ्या. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून नुसता फोम लावला असेल तर ते करावंच लागतं.

फोम फिल्टर तांबड्या धुळीत रोज धुवावा लागतो. कार्बोरेटर आणि हेडच्या सांध्यावर, गाडी संथ चालू असताना, इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा. फेऱ्या बदलल्या तर तिथून हवा खेचली जातेय, गॅस्केट बदला. या कामाला पेट्रोल शिंपडू नका.

पॉइंट, कंडेन्सर, कॉइल

गरम झाल्यावर मरणारा आणि थंड झाल्यावर जिवंत होणारा सगळ्यात पक्का गुन्हेगार म्हणजे कंडेन्सर. पॉइंटचं झाकण काढा, सावलीत, कोणाला तरी किक मारायला सांगा. पॉइंटमध्ये बारीकशी निळी ठिणगी चालते. मोठी, पिवळट, फडफडणारी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. जादा कंडेन्सर मी पेटीत कायम ठेवतो, आणि तो घरी एकदा लावून, चालवून बघितलेला असतो. नवा म्हणून घेतलेला भागही बिघडलेला निघतो.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पात्या) घ्या, अंदाजाने नको. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो, ठिणगी उशिरा पडते, जळण सायलेन्सरच्या तोंडाशी होतं आणि हेड तापतं. म्हणजे एवढ्याशा टाचेने सगळं इंजिन गरम होतं.

कॉइल हेडच्या वर, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात हलवली असेल तर परत मोकळ्या जागी आणा. मल्टिमीटर असेल तर दोन्ही छोट्या टर्मिनलांमधला रोध मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ४ ओहम येतो. गरम असताना तो वाढतोच, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे पन्नास अंशांनी तापलेली कॉइल एक-पंचमांश जास्त दाखवेल. त्याने घाबरू नका. गरम असताना आकडा एकदम पळून गेला आणि थंड झाल्यावर परत आला, तर आतली तार तुटलेली आहे. कॉइल बदला.

टॅपेट, तेल, टायमिंग

हे घरी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलले नाही पाहिजेत. फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तो तापून जळतो.

तेल २०डब्ल्यू-५०, पातळी खुणेपर्यंत. इंजिन संथ चालू असताना रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल केला की तेल पाझरायला हवं. पाझरलं नाही तर लगेच बंद करा, पंपाचं काम आहे.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पिस्टनच्या वरच्या टोकाच्या साधारण ०.८ मिमी आधी, ऑटो अॅडव्हान्स (फेऱ्या वाढल्या की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना. अॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या किंवा वजनं गंजून अडकलेली असली तर टायमिंग कितीही लावा, जागेवर राहत नाही. हे काम पहिल्यांदा करत असाल तर कोणा जाणत्याशेजारी बसून करा.

जड सामान घेऊन घाटच चढायचे असतील तर गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करता येतं. पण त्यासाठी क्लच आणि प्रायमरी केस उतरवावी लागते. ते गॅरेजचं काम.

इथे थांबा

किक अडकली तर जोर लावू नका. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलूही नका. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. जास्त तापला की तो बोअरमध्ये आवळतो. चालत्या गाडीवर ताकद अचानक आवळली गेल्यासारखी वाटली तर त्या क्षणी क्लच दाबा. नुकतंच बोअर करून नवा पिस्टन घातलेल्या गाडीत हे जास्त होतं. थंड झाल्यावर ती सुरू झाली तरी चालवत घरी आणू नका. सिलिंडर उघडून बघायला हवा, आणि त्याला लेथवाला लागतो.

खालून ठोकल्यासारखा आवाज, तेलात चमकणारा धातूचा चुरा, थंड असतानाही कॉम्प्रेशन नाही, सतत निळा धूर, वायर जळल्याचा वास, गरम इंजिनावर टपकणारं पेट्रोल: यातलं एकही दिसलं तरी पाने पेटीत ठेवा. जळका वास आला तर पहिलं काम बॅटरीची वायर काढणं.

चेसिसच्या मानेला किंवा मागच्या फोर्कला तडा दिसला तर साध्या वेल्डरकडे नेऊ नका. शॉक उंच करताना चेसिस कापायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी समजून घ्या. मूळ नोंदणीशी न जुळणारा बदल कायद्यात बसत नाही.

अंधार पडत आला असेल, वळणावर ट्रक येत असतील आणि झाकण, काटा, प्लग, धार एवढं बघूनही गाडी सुरू होत नसेल, तर पिकअप मागवा. चढवण्याआधी कॉक बंद, बॅटरीची वायर काढलेली, आणि पुढचा फोर्क दोन्ही बाजूंनी बांधलेला. मेकॅनिकला गाडी देताना कागदावर एवढं लिहून द्या: किती किलोमीटरनंतर बंद पडली, कुठल्या गिअरवर, हळूहळू की झटक्यात, झाकण उघडल्यावर आवाज आला का, काटा हलत होता का, प्लगचा रंग काय होता, किक हलकी होती की जड. आणि सुरुवातीला केलेली ती बदलांची यादी सोबत जोडा.